काजव्यांसाठी कोणती लेन्स घ्यावी?

प्रश्न : वेल्ह्याजवळच्या एका वाडीत आमचं आजोळ आहे. माझ्याकडे छोट्या सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे. मेअखेरीस काजव्यांचे फोटो काढले, तर काळ्या चौकटीत दोन-चार फिकट ठिपके आले. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात दिव्याच्या उजेडात काढलेली माणसं हलली. दुकानदार म्हणतो मोठी झूम घ्या, मित्र म्हणतो ५० मिमी घे, चुलतभाऊ म्हणतो कॅमेराच बदल. मला एकच लेन्स परवडणार आहे आणि तीच पाठीवर घेऊन राजगड, तोरणा चढायचे आहेत. काय घेऊ?

उत्तर : कॅमेरा बदलू नका. गेल्या दहा-बारा वर्षांतला कोणताही चालू स्थितीतला कॅमेरा या कामाला पुरतो. अडचण लेन्सची आहे, पण ती नेमकी कुठे आहे हे कळलं की दुकानदार आणि मित्र यांच्यातला निवाडा तुमचा तुम्हीच कराल.

लेन्सच्या कडेला ‘१:३.५-५.६’ असे आकडे छापलेले असतात. फोकल लेंग्थला लेन्सच्या छिद्राच्या व्यासाने भागलं की हा आकडा येतो. भागाकार असल्यामुळे आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून आकड्याचा वर्ग करून तुलना करायची. तुमची लेन्स ३५ मिमीवर साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते. त्याच ३५ मिमीची एफ/१.८ लेन्स सव्वासहा पट उजेड आत घेते. म्हणजे जिथे आयएसओ ६४०० ठेवून फोटो खरखरीत येत होता, तिथे १००० वर काम भागतं. यावरून दुकानदाराच्या मोठ्या झूमचाही निकाल लागतो. ७०-३०० मिमीची लेन्स हातात भारदस्त वाटते, पण या वर्गातल्या बहुतेक लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ किंवा त्याहून लहान छिद्रावर असतात. लेन्स आकाराने मोठी म्हणजे तिला अंधारात जास्त दिसतं, हा समज अगदी सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे.

आता काजवे. इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून जरा थांबू या. ठिपके फिकट आले की आपण शटर आणखी लांबवतो, दहा सेकंदांचे तीस करतो. तरी ठिपके तितकेच फिकट राहतात आणि मागचं आकाश मात्र उजळत जातं. याचं कारण असं, की काजवा सतत जळत नाही. त्याची एक चमक सेकंदाच्या काही भागापुरती असते. शटर पाच सेकंद उघडं असो की तीस, त्या एका चमकेचा जेवढा उजेड यायचा तेवढाच येतो. आणि काजवा उडत असल्यामुळे पुढची चमक फोटोत दुसऱ्याच जागी पडते. तेव्हा शटर लांबवल्याने ठिपक्यांची संख्या वाढते, तेज वाढत नाही. ते दोनच गोष्टींनी वाढतं : छिद्र आणि आयएसओ. काजव्यांसाठी मोठ्या छिद्राला पर्याय नाही असं मी म्हणतो ते याचमुळे. गडाच्या तटबंदीला हा नियम लागू नाही. ती जागची हलत नाही, तिचा उजेड सेकंदागणिक साचत जातो. संध्याकाळच्या निळ्या प्रकाशात सुवेळा माची टिपायची असेल, तर ट्रायपॉडवर तुमची जुनी १८-५५ एफ/८ वर ठेवा. नवी लेन्स तिथे फारसं वेगळं काही करणार नाही.

अनेकांचा आणखी एक भ्रम दूर करायला हवा. झाडावर हजारो काजवे लखलखताहेत असे जे फोटो छापून येतात, ते बहुधा एका क्लिकचे नसतात. ट्रायपॉड न हलवता वीस-तीस सेकंदांचे कितीतरी फोटो ओळीने काढून नंतर संगणकावर एकावर एक रचलेले असतात. त्यात लबाडी नाही, पण ते ठाऊक नसलं की माणूस आपल्या एकुलत्या फोटोची त्यांच्याशी तुलना करतो आणि लेन्सला दोष देतो. सुरुवातीला एफ/१.८, आयएसओ १६००, वीस सेकंद हे धरून चला आणि मग बघून बदला. फोकस मात्र उजेड असतानाच झाडावर हाताने लावून घ्या. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो आणि फोकस चुकला की ठिपक्याचं तेज पसरून फिकट चकती होते. तुमचे ठिपके फिके यायला कदाचित हेही एक कारण असेल.

फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, ही कळकळीची विनंती. काजव्यांची चमक म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली खूण आहे, आणि झगझगीत उजेडात ती खूण हरवते. मेअखेर ते मध्य जून, वळवाच्या पहिल्या सरींच्या आसपासचे मोजके दिवस त्यांच्या हाती असतात. फोटोच्या दृष्टीनेही फ्लॅश निरुपयोगी आहे, कारण तो काजवा उजळत नाही, पुढचं गवत उजळतो. वाट दिसण्यापुरता टॉर्च लागला तर त्यावर लाल जिलेटीन कागद लावा आणि झोत जमिनीवर ठेवा.

देवळातल्या हललेल्या माणसांचं कारण वेगळं आहे. दुकानात ‘स्टॅबिलायझेशन आहे, अंधारात हलणार नाही’ असं सांगतात. ते तुमच्या हाताच्या कंपापुरतं खरं आहे. समोर आरती ओवाळणाऱ्या आजींचा हात मात्र लेन्समधली कोणतीही यंत्रणा थांबवू शकत नाही. त्यासाठी शटर सेकंदाच्या साठाव्या, शक्यतो शंभराव्या भागापर्यंत आणावं लागतं, आणि दिव्याच्या उजेडात ते पुन्हा मोठ्या छिद्रानेच जमतं.

पण मोठ्या छिद्राची किंमत मोजावी लागते. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटात स्टॅन्ली कुब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग झाइसच्या ५० मिमी एफ/०.७ लेन्सने चित्रित केले. ती लेन्स मुळात नासासाठी बनवलेली होती. तिचा फोकस इतका उथळ, की नट जरा पुढे झुकला तरी चेहरा धूसर व्हायचा. तुमच्याकडे गोष्ट एवढ्या थराला जाणार नाही. तरी दोन मीटरवरच्या माणसाला ३५ मिमी एफ/१.८ ने टिपलं, तर पुढेमागे मिळून वीत-सव्वा वीत जागाच स्पष्ट येते. ५० मिमीला त्याच्याही निम्मी. आजींचे डोळे स्पष्ट हवेत की निरांजन, हे क्लिक करण्याआधी ठरवावं लागतं.

आता मित्राची ५० मिमी. तिची कीर्ती खोटी नाही. जवळपास प्रत्येक कंपनीची ती सर्वांत स्वस्त मोठ्या छिद्राची लेन्स असते. मात्र तिचं नाव झालं ते ३५ मिमी फिल्मच्या, म्हणजे आजच्या फुल फ्रेमच्या कॅमेऱ्यांवर. तुमच्या छोट्या सेन्सरवर तीच लेन्स ७५-८० मिमीसारखी अरुंद दिसते. दोन मीटरवरून ५० मिमीच्या चौकटीत जेमतेम मीटरभर रुंदी मावते, ३५ मिमीत सुमारे एक मीटर चौतीस सेंटिमीटर. अंगण असेल तर चार पावलं मागे जाता येतं. गाभाऱ्यासमोर तुमची पाठ लगेच भिंतीला लागते, आणि गडाच्या कड्यावर तर मागे सरकणं धोक्याचंच.

म्हणून माझं उत्तर : १८-५५ दिवसासाठी ठेवा आणि ३५ मिमी एफ/१.८ घ्या. तुमच्या कंपनीत ती महाग पडत असेल तर एफ/२ सुद्धा चालेल, उजेड साधारण पाचव्या हिश्शानेच कमी पडतो. अशी लेन्स दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळू शकते. एफ/२.८ ची व्यावसायिक २४-७० झूम उत्तम असते, पण तिचं वजन पाऊण किलोच्या घरात जातं. गुंजवण्याहून चोर दरवाज्याने राजगड चढताना शेवटच्या टप्प्यात दोन्ही हात मोकळे लागतात. तिथे गळ्यात लोंबणारं प्रत्येक ग्रॅम जाणवतं.

पैसे देण्याआधी एक करून पाहा. १८-५५ ची रिंग ३५ वर आणून चिकटपट्टीने पक्की करा आणि एक अख्खा दिवस तशीच वापरा. फार कोंडल्यासारखं वाटलं तर २४ मिमीची लेन्स बघा.

चांदण्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वेल्ह्यात राहून आकाशाचा फोटो काढावासा वाटणारच. पृथ्वी फिरत असल्यामुळे फार वेळ शटर उघडं ठेवलं तर ताऱ्यांच्या रेघा होतात. छोट्या सेन्सरवर ३५ मिमीने नऊ-दहा सेकंदांची मर्यादा धरा. १८ मिमीवर ती अठरा-एकोणीस सेकंदांपर्यंत जाते. म्हणजे आकाशगंगेचा विस्तृत पट्टा हवा असेल तर तुमची जुनी लेन्स १८ वर, एफ/३.५ ला सुद्धा बरी कामाला येते. वेल्हेकरांची एक सोय अशी, की पुण्याच्या दिव्यांचा पिवळट उजेड ईशान्येला राहतो आणि उन्हाळ्यात आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेकडे येतो. अमावास्येच्या आसपासची एप्रिल-मेची रात्र निवडा. जूननंतर ढग काही दिसू देणार नाहीत. गडावर थांबणार असाल तर मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

राहिला जुन्या लेन्सचा विचार. पुण्यात वापरलेल्या लेन्स मिळतात आणि ३५ मिमीसारखी साधी लेन्स जुनी घ्यायला हरकत नाही. फक्त घेताना छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. थोडी धूळ असली तर चालते. पण काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी परत द्या. तुमच्याकडच्या पावसाळ्यात ती आणखी पसरेल. नवी लेन्ससुद्धा जून ते सप्टेंबर कापडी पिशवीत पडून राहू देऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या ओल धरतील तशा बदला.