परतीच्या लढतीआधी प्रतिस्पर्धी कसा वाचावा

मी आपल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात नाही. मी टेबलाशी बसून स्कोअरशीट भरते. मागच्या महिन्यात हबीबगंजच्या मैदानावर शहरातल्याच एका कॉलेजकडून आपण हरलो. (स्टेशनचं नाव नोव्हेंबर 2021 मध्ये राणी कमलापती झालं, पण मैदानाचा पत्ता सांगताना आपल्या तोंडी अजून हबीबगंजच येतं.) आता त्याच संघाशी पुन्हा गाठ आहे. ड्रॉ निघाला त्या संध्याकाळी कप्तान मला म्हणाली, "तू तो लिखती है ना? उनके बारे में कुछ लिख के दे."

मी त्याच रात्री अडीच पानं लिहिली. 'झंझावाती आक्रमण', 'अभेद्य बचाव', '9 नंबरची खेळाडू म्हणजे वादळच' असं बरंच काही. कप्तानने ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "ठीक है, पर मैं खड़ी कहाँ रहूँ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अडीच पानांत तिला उपयोगी पडेल असं एकही वाक्य नव्हतं. ते उत्तर शोधताना जे शिकले ते इथे मांडते. साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं इतकंच की हेही वाचनच आहे, फक्त पुस्तकाच्या जागी संघ आहे.

1. टिपणं, हेरणं, ताडणं, पारखणं

'हेर' म्हटलं की आपल्याला गुप्तहेर आठवतो. पण 'हेरणं' हे क्रियापद घरात रोजच्या वापरात असतं. आई भाजीच्या ढिगातून कोवळी भेंडी हेरते, शिक्षक वर्गातलं एखादं मूल हेरतात. पुष्कळातून नेमकं एक वेचून काढणं, हा त्याचा अर्थ. त्याच्या आसपासचे आणखी तीन शब्द घेतले की कामाचा क्रमच हाती लागतो.

आधी टिपायचं: जे घडलं ते, मत न घालता. मग हेरायचं: टिपलेल्यातलं पुन्हा पुन्हा काय येतं ते. मग ताडायचं: ते का होत असावं. आणि शेवटी पारखायचं: आपला अंदाज दुसऱ्या सामन्यात टिकतो का. मी पहिल्या रात्री या चारही पायऱ्या गाळून थेट विशेषणांवर पोचले होते. हरल्याचा राग मनात असला की विशेषणं पटापट सुचतात, हेही खरं.

2. भोपाळची एक जुनी परतीची लढत

पुन्हा गाठ पडते तेव्हा पहिला प्रश्न समोरच्याबद्दल नसतोच. मागच्या वेळेपासून आपल्यात काय बदललं, हा असतो. याचं उदाहरण आपल्याच शहरात आहे. 1728 मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं. निजामाचं बळ जड तोफखान्यात होतं आणि तोच त्याला चपळ घोडदळासमोर अडचणीचा झाला. पाणी आणि रसद तुटल्यावर त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला.

जवळजवळ दहा वर्षांनी, डिसेंबर 1737 मध्ये, दोघे भोपाळला पुन्हा समोरासमोर आले. निजामाचं सैन्य मोठं होतं, तोफा होत्या. पण या वेळीही तो एका जागी अडकला आणि मराठ्यांनी पुन्हा रसदच तोडली. जानेवारी 1738 मध्ये दोराहाला तह झाला आणि निजामाने माळवा, नर्मदा ते चंबळ हा मुलूख आणि 50 लाख रुपये कबूल केले. दोराहा आपल्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यात आहे.

बाजीरावाला समोरच्याची सवय ठाऊक होती, हा धड्याचा अर्धा भाग. हरलेल्याने आपली सवय बदलली नाही, हा उरलेला अर्धा. आपण मागच्या सामन्यात हरलेल्या बाजूला आहोत, म्हणून दुसरा अर्धा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा.

3. कोणते आकडे बघायचे

स्कोअरशीटवर आकडे भरपूर असतात. त्यातले कुठले बघायचे यावर डीन ऑलिव्हर या अभ्यासकाने 2004 च्या 'बास्केटबॉल ऑन पेपर' या पुस्तकात चार गोष्टींवर भर दिला: शॉट किती टक्के गेले, शॉट न मारताच चेंडू किती वेळा गमावला (टर्नओव्हर), आपलाच चुकलेला शॉट किती वेळा परत मिळवला (आक्रमणातला रिबाउंड), आणि फ्री थ्रोमधून किती मिळालं. महत्त्वाचा क्रमही साधारण हाच.

पहिल्या आकड्यात एक बारकावा आहे. तीन गुणांचा शॉट दोनच्या दीडपट मोलाचा, म्हणून तो गेला की अर्धा शॉट जादा धरायचा. 10 शॉटपैकी 4 गेले आणि त्यातले 2 तीन गुणांचे असतील, तर 4 अधिक 1, म्हणजे 5. भागिले 10. पन्नास टक्के.

आता एक खरा सामना बघू. 1 एप्रिल 1985, अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन गावी कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना. एकीकडे आदल्या वर्षीचा विजेता जॉर्जटाउन, सात फुटी पॅट्रिक युइंग त्यांच्याकडे. दुसरीकडे व्हिलानोव्हा. दोन्ही कॅथलिक विद्यापीठं, एक जेसुइटांचं आणि एक ऑगस्टीनियन संघाचं. त्याच मोसमात जॉर्जटाउनने त्यांना दोनदा हरवलं होतं: एकदा जादा वेळेत 52-50, एकदा 57-50. म्हणजे ही तिसरी गाठ होती.

व्हिलानोव्हा 66-64 ने जिंकलं. त्यांनी फक्त 28 शॉट मारले, त्यातले 22 गेले. जॉर्जटाउनने 53 मारले, 29 गेले. (तेव्हा तिथे तीन गुणांचा शॉट नव्हता, त्यामुळे साधी टक्केवारी पुरते: जवळपास 79 आणि 55.) फ्री थ्रोमध्ये व्हिलानोव्हाचे 27 पैकी 22 गेले, जॉर्जटाउनचे 8 पैकी 6. पण चेंडू गमावण्यात व्हिलानोव्हाच मागे होतं, 17 विरुद्ध 11. जॉर्जटाउन पूर्ण मैदानभर दाबून खेळायचं, त्यामुळे चेंडू थोडाफार जाणारच होता.

म्हणजे विजेत्याने चारही बाजू जिंकल्या नाहीत. एका बाजूला मार खाल्ला आणि दुसऱ्या दोन बाजूंनी भरून काढलं. त्या सामन्यात शॉट मारायला वेळेची मर्यादा नव्हती, म्हणून धीर धरून चांगल्या शॉटची वाट बघता आली. आज 24 सेकंदांचा नियम आहे, त्यामुळे ती युक्ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण 'कुठल्या दोन बाजू आपल्या होऊ शकतात' हा प्रश्न उचलता येतो.

4. वही कशी भरायची

पानावर अर्ध्या मैदानाचं चित्र काढा. बास्केट, फ्री थ्रोची रेघ, तीन गुणांची कमान. शॉट गेला तर टिंब, चुकला तर फुली, शेजारी खेळाडूचा नंबर. प्रत्येक क्वार्टरला नवं चित्र. दोन क्वार्टरनंतर चित्र आपोआप बोलायला लागतं.

चित्राखाली प्रत्येक आक्रमणाला एक ओळ: चेंडू कोणी वर आणला, कुठल्या हाताने, पहिला पास कुणाला, शेवट कसा झाला. त्याशिवाय पाच गोष्टींसाठी वेगळी जागा ठेवा. शॉट मारल्यावर मागे कोण धावतं? टाइमआउटनंतर काय बदलतं? बास्केटखालून चेंडू आत टाकताना कोण कुठे उभं राहतं? दाबून खेळलं की चेंडू कुठे पळतो? वेळ संपत आली की शॉट कोण मारतं?

'वेगवान', 'धोकादायक' हे शब्द वहीत नकोत. 'रिबाउंड मिळताच तिघी पुढे पळतात' हे चालेल. आणि माझा घरगुती नियम असा: एकदा दिसलं तो योगायोग, दोनदा दिसलं तर टीप, वेगवेगळ्या दोन संघांविरुद्ध दिसलं तरच सवय.

5. एकाच सामन्यावर भरवसा नको

हा नियम मी ठेच लागल्यावर केला. आपल्या सामन्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ बघून मी लिहिलं होतं, '9 नंबर फक्त उजवीकडून घुसते.' पुरावा भक्कम वाटत होता. मग त्यांचा दुसऱ्या एका कॉलेजशी सामना झाला, तो आम्ही दोघी-तिघी जाऊन बघितला. तिथे 9 नंबर डावीकडूनही तितक्याच सहज गेली.

मग आमच्याशी खेळताना उजवीकडूनच का? व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी तिच्याकडे न बघता आपल्या मुलीच्या पायांकडे बघितलं. ती दर वेळी एका बाजूला कलून उभी राहत होती आणि दुसरी बाजू मोकळी सोडत होती. मी जिला 9 नंबरची सवय म्हणत होते ती आपलीच सवय होती. ही गोष्ट त्या मुलीला सांगणं मला जड गेलं. ती मात्र शांतपणे म्हणाली, "मला कुणी आधी सांगितलंच नाही." घरी मराठी बोलणारी आमच्यातली ती एकटीच.

काही गोष्टी मात्र दोन्ही सामन्यांत सारख्या दिसल्या. शॉट मारला की त्यांच्या चौघी रिबाउंडला तुटून पडतात, मागे एकटीच राहते. आणि वेळ संपत आली की चेंडू 15 नंबरकडेच जातो.

6. जे वहीत लिहायचं नाही

त्या दुसऱ्या सामन्यात 15 नंबरच्या डाव्या घोट्यावर पट्टी होती. मी लिहिलं, 'डावीकडे वळताना पाय दुखतो, तिला तिकडेच रेटा.' रात्री वाचताना ती ओळ खटकली. दुसऱ्या दिवशी ती संघासमोर ठेवली, तर दोन तट पडले. एकीचं म्हणणं, समोरचीची कमजोरी शोधणं हाच तर खेळ आहे, यात वाईट काय? तिचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कमजोरी शोधायची म्हणूनच तर मी वही घेऊन गेले होते.

मी शेवटी फरक असा केला. डाव्या हाताने चेंडू नीट जमत नाही, ही खेळातली उणीव आहे. ती सरावाने भरून निघते, तिच्यावर डाव टाकणं रास्त. दुखरा पाय ही उणीव नाही, आणि तिथे मुद्दाम भार टाकला तर एखादी मुलगी मोसमभर घरी बसेल. मी ओळ खोडली. ती मैत्रीण अजून माझ्याशी सहमत नाही.

तसंच, जे सगळ्यांसाठी खुलं आहे तेच बघायचं. दुसऱ्यांच्या सरावाचं लपून चित्रीकरण नको, त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून गुपितं काढणं नको. खुल्या सामन्यातून पुरेसं कळतं.

7. सगळं एका पानात

डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हा खेळ सुरू केला, तेव्हा त्याचे 13 नियम टाइप केलेल्या दोन पानांत मावले होते. अख्खा खेळ दोन पानांत बसतो, तर एका संघावरचं टिपण एका पानात बसायला हरकत नाही. सामन्याआधी खेळाडूंच्या डोक्यात तीनपेक्षा जास्त गोष्टी राहतही नाहीत.

माझं पान आता असं आहे:

एक, 9 समोर आली की तिच्या थेट समोर उभं राहायचं, कुठल्याही बाजूला कलायचं नाही.

दोन, आपल्याला रिबाउंड मिळाला की ड्रिबल नको, लगेच बाजूच्या रेघेकडे पास. त्यांची मागे एकटीच असते.

तीन, वेळ संपत आली की 15 ला चेंडू मिळण्याआधीच तिच्या आणि चेंडूच्या मध्ये यायचं.

तिन्ही वाक्यांत आपल्या मुलीने काय करायचं ते आहे. ते नसेल तर वाक्य कितीही खरं असलं तरी खोडायचं. कप्तानने हे पान वाचलं, घडी घालून किटच्या खिशात ठेवलं आणि सरावाला निघून गेली. या वेळी तिने प्रश्न विचारला नाही.

सामना पुढच्या शनिवारी आहे. अंक तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा निकाल लागलेला असेल, आणि तो या पानावर ठरणार नाही हे मलाही कळतं. शॉट जायचे तर जातील, चुकायचे तर चुकतील. पण निदान या वेळी कुणी कुठे उभं राहायचं ते आपल्याला ठाऊक असेल.

स्वाध्याय

1. कुठलाही खुला सामना बघा, खेळ कोणताही चालेल. एकाच संघाची दहा आक्रमणं, प्रत्येकी एका ओळीत, विशेषण न वापरता लिहा.

2. एका संघाने 40 शॉट मारले, 14 गेले, त्यातले 4 तीन गुणांचे. वरच्या रीतीने टक्केवारी काढा. (उत्तर: 40 टक्के.)

3. तुम्ही शेवटी जो सामना, वादविवाद किंवा स्पर्धा हरलात, तिच्यावर तीन वाक्यं लिहा. त्यातलं पहिलं वाक्य स्वतःबद्दल असावं.