स्टॉर्मची निगा

देवणीसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे मोटारीची परीक्षा ती किती माणसे आणि किती पोती वाहते यावरूनच प्रायः केली जाते, तिथे दोन आसनांची, उघड्या छताची आणि जमिनीलगत बसणारी गाडी घेणाऱ्याने सार्वत्रिक कौतुकाची अपेक्षा बाळगू नये. परंतु सॅन मोटर्सने १९९८ साली बाजारात आणलेली, गोव्यात घडविलेली सॅन स्टॉर्म विद्यार्थिदशेत चित्रात पाहिल्यापासून ती आपल्या दारी असावी ही माझी मनीषा होती. ती फळाला आल्यानंतर, यंत्रविद्येचा गंधही नसलेल्या मला जे शिकावे लागले, ते अशी जुनी स्पोर्ट्स कार नव्याने घेणाऱ्यांच्या कामी यावे एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम गाडीची प्रकृती जाणून घ्यावी. स्टॉर्मचे इंजिन रेनो कंपनीचे, ११४९ घनसेंटिमीटर क्षमतेचे. त्याच कुळातील इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या साध्या गाड्यांना बसविले जात असे, ही गोष्ट सुटे भाग शोधताना फार मोलाची ठरते. तिचे बाह्यांग मात्र पत्र्याचे नसून फायबरचे आहे. फायबर गंजत नाही हे खरे. परंतु त्याच्या आड दडलेला लोखंडी सांगाडा गंजतो, आणि वरचे अंग निष्कलंक दिसत असल्यामुळे त्या गंजाचा संशयही येत नाही. शिवाय फायबरमधून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्यासाठी अर्थिंगची स्वतंत्र तार न्यावी लागते. दिवे मंद झाले की बॅटरी बदलण्याची घाई करणाऱ्याने आधी त्या तारांची टोके घासूनपुसून घट्ट केली, तर पुष्कळ वेळा खर्चाची गरजच उरत नाही. जॅकसुद्धा सांगाड्याच्या मजबूत जागीच लावावा. फायबरवर भार पडला तर ते तडकते.

आता ज्या प्रसंगाने मला खऱ्या अर्थाने सावध केले, तो सांगतो. गाडी आणल्यावर एका वर्कशॉपात ती तपासणीसाठी दिली होती. तेथून परत आल्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन वैशाखात उदगीरच्या रस्त्यावर, तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर चढू लागला. गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि ते पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. तापलेल्या अवस्थेत ते झाकण उघडले असता उकळते पाणी दाबाने अंगावर उडते आणि माणूस गंभीर भाजतो. पुढे एका जाणत्या मिस्त्रीने रेडिएटर उतरवून पाहिला, तेव्हा असे निष्पन्न झाले की त्यात कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरलेले होते आणि नळ्यांच्या आत पांढरा थर धरू लागला होता. आमच्या भागातील काळ्या पाषाणातून उपसलेले पाणी क्षारयुक्त असते. ज्या पाण्याने घरातील हंड्यांच्या बुडाशी खापरी धरते, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत सोडल्यावर निराळे काय घडणार? कूलंट हे केवळ रंगीत पाणी नव्हे. ते उकळबिंदू वाढवते, आतील धातूला गंजापासून वाचवते, आणि ते डिस्टिल्ड पाण्यातच, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावयाचे असते. रंग सारखा दिसला म्हणून दोन जातींचे कूलंट एकत्र करू नये.

याच संदर्भात एक ताकीद मी कळकळीने देतो. सर्वसाधारण कूलंटमध्ये ग्लायकॉल असते. ते चवीला गोड परंतु अत्यंत विषारी आहे. गाडीतून काढलेले कूलंट नालीत किंवा अंगणात ओतले आणि एखादे वासरू वा कुत्रे ते प्याले तर त्याच्या जिवावर बेतते. ज्या गावाच्या नावाने गोवंशाची एक नामांकित जात ओळखली जाते, तेथे तरी अशी हयगय घडता कामा नये.

बैलाची पारख करणारा शेतकरी देवणी जनावर रंगाने वानेरा आहे, बालंक्या आहे की शेवरा, एवढेच पाहून थांबत नाही. तो खूर उचलून पाहतो, दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. गाडीकडेही नित्य तसेच पाहावे. तेलाची पातळी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पाहावी. गाडीचे पोट जमिनीलगत असल्याने गावोगावच्या, पांढरे पट्टे नसलेल्या गतिरोधकांवर तेलाची टाकी घासते. म्हणून उभ्या जागी तेलाचा डाग पडतो का, यावर लक्ष असावे. टायरमधील हवा चाके थंड असतानाच मोजावी. टायरवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. थोड्याच चाललेल्या गाडीचे टायर वरून नक्षीदार आणि आतून जुनाट असण्याचा संभव फार. पावसाळ्यात चाकांच्या आतल्या बाजूस घट्ट बसलेली काळी माती वेळीच धुवावी, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते. आणि उन्हाळ्यातील धुळीमुळे एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच बदलावा लागतो.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडी चालली नाही तरी सुमारे दोन वर्षांनी ते बदलावे. टायमिंग बेल्ट पूर्वी केव्हा बदलला याचा लेखी पुरावा नसेल, तर तो बदललाच नाही असे धरून चालावे. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आमच्याच जिल्ह्यातील उसापासूनही ते बनते, याचा आनंदच आहे. परंतु त्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी बनविलेल्या नव्हत्या, तेव्हा त्या तपासून योग्य प्रतीच्या घालाव्यात, आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये.

दस्तऐवजांविषयी थोडक्यात. परराज्यातील गाडी असेल तर मूळ परिवहन कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज रक्कम चुकती करू नये. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी येथे ठेवावयाची तर येथील नोंदणी बंधनकारक आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे किंवा नाही, याचीही खातरजमा करावी. आणि घरी एक वही ठेवून कोणत्या तारखेस कोणते तेल, कोणते कूलंट, कोणाच्या हातून भरले, याचा तपशील स्वतःच्या अक्षरात लिहावा. काम चालू असता शक्य तितके स्वतः उभे राहावे.

नव्या मालकास माझी एवढीच विनंती आहे की हाती असलेला पैसा रंग, चकचकीत चाके आणि मोठा आवाज करणारे सायलेन्सर यांवर घालविण्यापूर्वी तो टायर, ब्रेक आणि रेडिएटर यांवर खर्च करावा, आणि ही तीन कामे पुरी झाल्याखेरीज गाडी गावाबाहेरच्या रस्त्यावर नेऊ नये.