ओढ्याच्या पाण्याची परीक्षा
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

धरमतर खाडीच्या परिसरातील डोलवी व आसपासच्या गावांतील मुलांस ओढा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ती त्यात डुंबतात. पहिल्या पावसाबरोबर प्रवाहाविरुद्ध चढणारी वलगणीची मासळीही त्यांनी पाहिलेली असते. परंतु 'हे पाणी चांगले आहे काय?' असे विचारल्यास 'स्वच्छ दिसते, म्हणून चांगले' हेच उत्तर बहुधा मिळेल. हे उत्तर अपुरे का, ते मुलांनी स्वतः पाहून ठरवावे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

प्रश्नाची मांडणी : पाणी चांगले, पण कशासाठी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वर्ग त्याच्या उपयोगावरून पाडले आहेत. उघड्यावरील स्नानासाठी दर लिटरास निदान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा आणि १०० मिलिलिटरांत कोलिफॉर्म जंतूंची संख्या ५०० हून अधिक नसावी. मत्स्यजीवनासाठी प्राणवायू निदान ४ मिलिग्रॅम लागतो. आम्लता दर्शविणारा सामू दोहोंसाठी ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. माशांच्या कसोटीत जंतूंची अट नाही, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. ज्या पाण्यात मासे सुखाने राहतात, ते पाणी मुलांना बाधू शकते.

साहित्य : तापमापक, सामू-कागद, दोरी, मोजपट्टी, घड्याळ, पारदर्शक बाटली, पांढरी थाळी व एक जाड वही.

कृती : १. एकच जागा निश्चित करून दर आठवड्यास त्याच वारी, त्याच वेळी निरीक्षण करावे. खाडीलगतच्या ओढ्यात भरतीचे खारे पाणी शिरते. म्हणून शक्यतो उघाडीच्या वरची, भरती न पोहोचणारी जागा निवडावी. तशी नसल्यास भरती होती की ओहोटी, हे न चुकता लिहावे.

२. दहा मीटर अंतर आखून वाळकी काटकी सोडावी. ती २० सेकंदांत पोहोचली, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदास ०.५ मीटर झाला. तळाशी पाणी मंद असते, म्हणून ०.८ ने गुणावे. सरासरी वेग ०.४ मीटर. ओढा २ मीटर रुंद व सरासरी ०.२५ मीटर खोल असल्यास सेकंदास ०.२ घनमीटर, म्हणजे २०० लिटर पाणी वाहते. गणिताच्या तासास हे उदाहरण उपयोगी पडेल. पाणी आटले की तेवढीच घाण अधिक तीव्र होते, हे यावरून समजते.

३. तापमान मोजावे. २० अंश सेल्सियसला पाण्यात लिटरास सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; ३० अंशांस सुमारे साडेसात. कुजणाऱ्या घाणीवर वाढणारे सूक्ष्मजंतू तोही संपवितात. म्हणून उन्हाळ्यात साचलेल्या डोहात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडताना दिसतात.

४. तळाचा एक दगड उचलून थाळीत धुवावा व जीव पाहून पुन्हा ओढ्यात सोडावेत. चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या अळ्या, किंवा वाळूचे कण जोडून केलेल्या नळीत राहणाऱ्या अळ्या आढळल्यास पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असे समजावे. केवळ तांबड्या अळ्याच असतील, तर शंका घ्यावी. त्यांच्या अंगातील तांबडे द्रव्य थोड्या प्राणवायूवरही त्यांस जगविते. तापमापक त्या क्षणाची स्थिती सांगतो. हे जीव मागील कित्येक आठवड्यांची साक्ष देतात.

५. विष्ठेतील जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनी मांडलेली हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली मिळाल्यास वापरावी. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडल्यास दूषितपणाचा संशय धरावा. ही चाचणी जंतू मोजत नाही. मोजणीसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

सावधगिरी : पुराच्या किंवा मुसळधार पावसाच्या दिवशी मुलांस ओढ्यावर नेऊ नये. पायास जखम असलेल्या मुलाने पाण्यात उतरू नये. जनावरांच्या व उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात व जखमेवाटे शरीरात शिरतात. पाणी चाखून पाहू नये. परतल्यावर साबणाने हातपाय धुवावेत.

निष्कर्ष : एका दिवसाच्या नोंदीवरून निकाल देऊ नये. जो आठवडा चुकला, ती जागा वहीत कोरी ठेवावी. अंदाजाने भरलेला एक आकडा सर्व वही निरुपयोगी करतो. डोलवीच्या परिसरात भातशेती आहे, वस्ती आहे, गुरे आहेत आणि पोलादाचा मोठा कारखानाही आहे. फेस, रंग वा दुर्गंध दिसल्यास मुले लगेच कोणाचे तरी नाव घेतील. त्या वेळी शिक्षकाने विचारावे, 'वरच्या बाजूस पाहिलेत काय?' संशयित ठिकाणाच्या वरचे व खालचे पाणी एकाच दिवशी तपासल्यावाचून कारण सांगता येत नाही. पुराव्याआधी कोणास दोष देऊ नये, आणि पुरावा मिळाल्यावर तो झाकूही नये. मासे मेलेले आढळल्यास ते कोणास खाऊ देऊ नयेत. वेळ व ठिकाण नोंदवून ग्रामपंचायतीस व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयास त्वरित कळवावे.

याच जिल्ह्यात, महाड येथील चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे हे कृतीने सांगितले गेले. नोंदवही व थाळी प्रत्येक मुलाच्या व प्रत्येक मुलीच्या हाती पाळीपाळीने द्यावी. जे पाणी सर्वांचे, त्याची राखणही सर्वांची, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.

स्वाध्याय : गावातील वृद्धांस विचारून पूर्वी ओढ्यात मिळणाऱ्या व आज मिळणाऱ्या माशांच्या दोन याद्या करा. ज्यांची नावे दुसऱ्या यादीत नाहीत, त्यांविषयी वर्गात चर्चा करा.