राष्ट्रीय वाहतूक धोरण आणि व्यापारी

माल वाटेवर असेपर्यंत त्यात गुंतलेल्या भांडवलावर व्याज चढत असते. म्हणून वाहतुकीचे धोरण हा केवळ सरकारचा नव्हे, तर प्रत्येक पेढीचा विषय आहे.

आपल्या देशात रेल्वे, महामार्ग, बंदरे व विमानवाहतूक यांची मंत्रालये निरनिराळी असून बरेचसे रस्ते राज्यांच्या हाती आहेत. प्रत्येक साधन आपापल्या परीने सुधारत असते. परंतु एक साधन सोडून दुसरे धरताना जो वेळ व पैसा खर्च होतो, त्याचा धनी कोणीच नसतो. राष्ट्रीय धोरणाची खरी कसोटी या सांध्यांवरच लागते, असे आमचे मत आहे.

याचा अनुभव आपल्या बेळगाव भागास चांगलाच आहे. १९७१ मध्ये पुणे-मिरज लोहमार्ग ब्रॉडगेज झाला. मिरजेच्या दक्षिणेस मात्र मीटरगेजच राहिला. त्यामुळे मुंबईहून रेल्वेने येणारा जो माल पूर्वी पुण्यास वाघीण बदलीत असे, तो मिरजेस बदलू लागला. सांधा नाहीसा झाला नाही, केवळ सरकला. दुहेरी हमाली, फाटकी पोती व खोळंबा कायम राहिले. देशभर एकच रुंदी आणण्याचा कार्यक्रम १९९२ मध्ये हाती घेतला गेला आणि त्या दशकात हा मार्ग बदलला, तेव्हा ही अडचण दूर झाली.

याउलट उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेल्या मालमोटारी सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सोय झाली. माल उतरवावा लागत नाही, घाटवळणे टळतात व डिझेल वाचते. रेल्वे व मोटार यांना प्रतिस्पर्धी न मानता भागीदार मानल्याचे हे फळ होय. तसेच १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्यसीमांवरील विक्रीकराची नाकी उठली. एकही नवा रस्ता न बांधता वाट सुकर झाली.

या विषयावर समित्यांची वाण नाही. १९५९ मध्ये नियोगी, १९७८ मध्ये पांडे व २०१० मध्ये राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या गेल्या. २०२१ मध्ये गतिशक्ती योजना व २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. दिशा योग्य आहे. पण सांधे कोठे दुखतात हे दिल्लीस कळवावयाचे कोणी?

ते काम आपले आहे. सभासद बंधूंनी माल कोठे अडला, किती दिवस अडला व किती जादा खर्च पडला, याची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. अशा नोंदी एकत्र करून संघाने मांडलेली मागणी नुसत्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरेल.