मोटारसायकल वळणावर का कलते?

भिवंडीहून नाशिककडे निघाले की पडघा, शहापूर मागे पडेपर्यंत रस्ता फारशी कुरकुर करत नाही. पुढे सह्याद्रीची भिंत आडवी येते आणि कसारा घाट सुरू होतो. कसारा ते इगतपुरी एवढ्यात आपण सुमारे ३०० मीटर उंची चढतो. याच चढावरून १८६५ साली रेल्वे इगतपुरीला पोहोचली. २०२५ साली समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत पूर्ण झाला आणि मोटारी बोगद्यातून सरळ डोंगरापार जाऊ लागल्या. पण त्या मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. मोटारसायकलस्वाराला आजही घाटातली वळणेच घ्यावी लागतात.

घाटात तुमच्यापुढे चाललेल्या मोटारसायकलीकडे नीट पाहा. वळण डावीकडे असेल तर स्वार गाडीसकट डावीकडे कलतो. उभी गाडी इतकी कलती केली तर ती धाडकन आडवी होईल. मग ही का पडत नाही?

सरळ जाण्याची ओढ

न्यूटनचा पहिला नियम तुम्ही शिकला आहात. चालती वस्तू आपण होऊन वळत नाही. ती सरळ रेषेतच जाऊ पाहते. गोफणीची दोरी सुटली की दगड सरळ निघून जातो, तो याचमुळे. दगडाला गोलात फिरवते ती दोरीची आतल्या बाजूची ओढ. हिलाच केंद्रगामी बल म्हणतात.

मोटारसायकलीला दोरी नाही. तिला आत ओढण्याचे काम रस्ता आणि टायर यांच्यातील घर्षण करते. टायरचा जो भाग एका वेळी रस्त्याला टेकतो, तो जेमतेम तळहाताएवढा असतो. असे दोन तळहात, आणि त्यांच्या भरवशावर गाडी व माणसे!

हे घर्षण चाकांना खालच्या बाजूने आत ओढते. त्यामुळे सरळ बसलेला स्वार बाहेरच्या बाजूला कोलमडेल. तो आत कलला, की त्याचे वजन त्याला आत पाडू पाहते. बाहेर पाडणारी आणि आत पाडणारी ओढ बरोबर समान झाली, की गाडी कललेली राहूनही तोल सांभाळते.

किती कलायचे?

याचे सूत्र सोपे आहे. कलण्याच्या कोनाचा टॅन काढायचा, तर वेगाच्या वर्गाला वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागावे. समजा, वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले.

वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल, तर १०० भागिले ३००, म्हणजे एक तृतीयांश. कोन सुमारे १८ अंश.

वेग ताशी ५४ असेल, तर उत्तर तीन चतुर्थांश. कोन सुमारे ३७ अंश.

वेग ताशी ७२ असेल, तर उत्तर चार तृतीयांश. कोन सुमारे ५३ अंश!

वेग दुप्पट झाला, पण लागणारे बल चौपट झाले. हेच उत्तर आणखी एक गोष्ट सांगते. रस्ता सपाट असेल, तर वळण्यासाठी घर्षणगुणक निदान तेवढा हवा. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ०.७ ते ०.८ च्या आसपास असतो. म्हणजे या वळणावर ताशी ५४ ला आपण काठावर येतो आणि ७२ ला टायर घसरणारच. पावसात गुणक ०.४ वर आला, तर मर्यादा ताशी ३९ किलोमीटरपर्यंत उतरते. पहिल्या सरीनंतर रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा चिखल होतो, तेव्हा ती आणखी खाली येते. नॉर्वेमधील ट्रोलस्टिगन हा १९३६ साली खुला झालेला ११ नागमोडी वळणांचा घाट असो की आपला कसारा, हिशेब हाच.

या सूत्रात वजन कोठेच नाही, हे ध्यानात आले का? एकटा स्वार असो वा मागे कोणी बसलेले असो, कोन तोच. मात्र मागे बसणारा घाबरून उलट बाजूला झुकला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य बाहेर सरकतो आणि गाडी आणखी कलवावी लागते. आज तुमची जागा मागचीच आहे. तेव्हा पुढच्याच्या पाठीबरोबर कला, त्याच्याविरुद्ध नको.

हँडलचे गुपित

डावीकडे वळण्यासाठी हँडल आधी कोणीकडे फिरते? चटकन उत्तर येईल, डावीकडे. प्रत्यक्षात ते क्षणभर किंचित उजवीकडे जाते. त्यामुळे चाके उजवीकडे सरकतात आणि गाडी डावीकडे कलते. मग हँडल डावीकडे येते. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू मुळात सायकली बनवणारे. सायकलस्वार हे नकळत करतात, पण विचारले तर त्यांना नीट सांगता येत नाही, हे विल्बर राइटच्या लक्षात आले होते.

ब्रेक केव्हा लावावा?

टायरची पकड ही एकच शिल्लक आहे. वळणे आणि थांबणे हे दोन्ही खर्च तिच्यातूनच होतात. पायथागोरसचा ३, ४, ५ चा त्रिकोण आठवा. एकूण पकड ५ असून वळण्यात ३ खर्च झाली, तर ब्रेकसाठी ४ उरते. वळण्यातच ५ गेली, तर ब्रेकसाठी शून्य! तेव्हा ब्रेक लावला की चाक घसरलेच. म्हणून वेग कमी करायचा तो वळणापूर्वी, सरळ रस्त्यावर.

उतारावर आणखी एक धोका असतो. गाडी आणि माणसे मिळून २०० किलोग्रॅम धरा. ३०० मीटर उतरताना सुमारे ६ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत दोन लिटर पाणी उकळीला येईल. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर यातील बराच भार ब्रेकवर पडतो; ब्रेक तापतात आणि त्यांची पकड ढिली होते. खालचा गिअर ठेवला, तर इंजिन स्वतःच गाडीला आवरते.

करून पाहा

एस.टी.ने घाटातून जाल तेव्हा कंपासपेटीतील कोनमापक बरोबर घ्या. त्याची सरळ कड वर ठेवून मध्यबिंदूपासून दोरा सोडा आणि दोऱ्याला एक नट बांधा. कोनमापक बसच्या रुंदीच्या दिशेने आडवा धरा. हात खिडकीबाहेर मात्र काढू नका. सरळ, सपाट रस्त्यावर दोरा ९० वर राहील, वळणावर बाहेर सरकेल. तो जितके अंश सरकेल, तितकीच त्या वळणावर त्याच वेगाची मोटारसायकल कलते. रस्त्याचा ढाळ आणि बसचे डुलणे यांमुळे थोडा फरक पडेल, तो चालेल.

दोरा ११ अंश सरकला आणि त्रिज्या ३० मीटर असली, तर बसचा वेग किती? उत्तर ताशी २७ किलोमीटरच्या जवळपास आले, तर तुमचे गणित बरोबर.