ट्रॅक्टर-लोडरचे हायड्रॉलिक मंद का होते?

पावसाळा तोंडावर आला की नाल्यांतील गाळ, रस्त्याकडेची माती आणि बाजारातील कचरा उचलण्याच्या कामाची घाई सुरू होते. जेथे मोठे खोदयंत्र शिरत नाही तेथे पुढे उचलबाहू आणि बकेट बसविलेला छोटा ट्रॅक्टर उपयोगी पडतो. भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर मातीसाठी आणि ग्रामपंचायतींकडे कचऱ्यासाठी अशी यंत्रे राबताना दिसतात. यंत्र बंद पडले तर ते लगेच कळते; ते मंदावले तर मात्र बरेच दिवस कोणाच्या ध्यानी येत नाही. बकेट सहा सेकंदांऐवजी बारा सेकंदांत वर जाऊ लागते, दिवसाच्या खेपा घटतात आणि यंत्र तासाच्या भाड्याने घेतलेले असेल तर तेवढ्याच गाळासाठी जादा तासांचे देयक येते.

अशा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी ठाणे जिल्ह्यात वागळे इस्टेटकडे पाहिले जाते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1 ऑगस्ट 1962 रोजी झाली, तो समारंभ याच वसाहतीत पार पडला होता. पुढे येथील अनेक भूखंडांवर संगणक कंपन्यांच्या आणि कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. तरी लेथवर काम करणाऱ्या छोट्या कार्यशाळा येथून सर्वस्वी गेलेल्या नाहीत. तथापि मुरबाड किंवा शहापूरहून यंत्र येथवर आणण्यापूर्वी निम्मी तपासणी गावातच करता येते. त्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि स्वच्छ फडके एवढे साहित्य पुरे. ही तपासणी न झाल्यामुळेच गाळणी बदलून भागणारे काम पुष्कळदा नव्या पंपापर्यंत जाऊन पोहोचते.

वेग आणि जोर

हायड्रॉलिक यंत्रणेत वेग आणि जोर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सिलिंडरमधील दट्ट्या किती जलद सरकेल हे मिनिटाला किती लिटर तेल येते त्यावर ठरते. तो किती वजन उचलील हे तेलाच्या दाबावर ठरते. ‘हायड्रॉलिक कमजोर झाले’ या एकाच तक्रारीत चालक या दोहोंची गल्लत करतो आणि मिस्त्रीही त्याच वाटेने जातो.

उदाहरणादाखल 50 मिलिमीटर व्यासाचे आणि 50 सेंटिमीटर चालीचे दोन सिलिंडर घेऊ. दोन्ही पूर्ण भरण्यास सुमारे दोन लिटर तेल लागते. पंप एका फेऱ्यात 10 घनसेंटिमीटर तेल ढकलत असेल आणि मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल तर 20 लिटर तेल मिळते व बाहू सहा सेकंदांत वर जातात. हाच पंप 800 फेऱ्यांवर चालविला तर तेल आठ लिटरच मिळते आणि त्याच कामाला पंधरा सेकंद लागतात. म्हणजे डिझेल वाचविण्यासाठी इंजिन मंद ठेवून काम करणाऱ्या चालकाच्या यंत्रात बिघाड काहीच नसतो. पहिली तपासणी म्हणून माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या फेऱ्यांवर इंजिन ठेवावे, रिकामी बकेट जमिनीपासून पूर्ण वर नेण्यास लागणारे सेकंद मोजावेत आणि पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावेत.

विज्ञानाच्या शिक्षकांना हाच फरक वर्गात दाखविता येईल. एक लहान आणि एक मोठी, अशा सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या पाण्याने भरून सलाइनच्या नळीने जोडाव्यात. लहान पिचकारीचा दट्ट्या पुष्कळ दाबला तरी मोठीचा थोडाच सरकतो, पण जोराने सरकतो. नळीत हवेचा बुडबुडा राहू दिला की दाब पोहोचण्यास विलंब लागतो. लोडरमध्ये शिरलेली हवाही नेमके हेच करते.

सेकंद मोजून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. सर्वच हालचाली मंद आहेत की एकच? सर्व मंद असतील तर दोष तेल, गाळणी, पंप किंवा दाबमर्यादा झडप यांत, म्हणजे सामाईक भागात आहे. फक्त बकेट उलटण्याची क्रिया मंद असेल तर त्या सिलिंडरची नळी, जोड किंवा नियंत्रण झडपेचा तेवढा भाग पाहावा. रिकामे असताना वेग ठीक आणि भरल्यावर मंद, असे होते काय? तसे असेल तर तेल आतल्या आत निसटत आहे. सकाळी ठीक आणि दुपारी मंद, असे होते काय? तेल तापून पातळ झाले की झिजलेल्या पंपातून अधिक निसटते. याउलट सकाळी मंद आणि तापल्यावर ठीक असेल तर तेल प्रमाणाबाहेर जाड आहे किंवा शोषणाची वाट तुंबली आहे.

तेल आणि त्याची वाट

निम्म्याहून अधिक उत्तरे येथेच सापडावीत. कित्येक ट्रॅक्टरांत गिअरपेटीचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. लोडर जोडल्यावर त्याच्या नळ्या व सिलिंडर भरण्यातच काही लिटर तेल जाते आणि पातळी खाली उतरते. ती पुन्हा भरावयाची राहून जाते. पातळी पाहताना ट्रॅक्टर सपाट जागेवर आणि बकेट जमिनीवर टेकलेली असावी, एरवी सिलिंडरमध्ये गेलेले तेल हिशेबात येत नाही. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. कोकणच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या यंत्रांत हे नवल नव्हे. फेसाळ दिसले तर पंप हवा ओढीत आहे.

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसून ओढ असते. त्यामुळे तेथील सैल जोडातून तेल बाहेर गळतेच असे नाही. हवा मात्र आत शिरते. पंप शीळ घातल्यासारखा किंवा खडे भरडल्यासारखा आवाज करू लागतो. संशय असलेल्या जोडावर ग्रीसचा लेप द्यावा. आवाज बदलला तर दोष सापडला. टाकीतील जाळी काढून डिझेलने धुवावी, कागदी गाळणी मात्र धुऊन पुन्हा वापरू नये. काही वेळा जुन्या नळीचे आतील अस्तर सुटून वाट अडविते आणि बाहेरून नळी धडधाकट दिसते. झटपट जोड पूर्ण न बसल्यासही असाच अडथळा होतो. तो हाताने तपासण्याचा खर्च शून्य आहे.

स्क्रूचा मोह

दाबमर्यादा झडपेला मिस्त्री रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. तिचा स्क्रू आवळला की यंत्र ‘सुधारते’ असा समज आहे, आणि तो महागात पडतो. वरील सिलिंडरवर चौरस सेंटिमीटरला 150 किलोग्रॅम दाब असता एकेक सिलिंडर सुमारे 2,900 किलोग्रॅमचा जोर लावतो. स्क्रू आवळून हा जोर वाढेल; पंपाचे लिटर वाढत नाहीत. नळ्या, सील आणि बाहूंची वेल्डिंग मात्र ज्या दाबासाठी केलेली नाहीत तो सोसू लागतात. झडपेत कचरा अडकून ती अर्धवट उघडी राहिली असेल तर वेग खरोखर मंदावतो, परंतु तेव्हा उपाय साफ करण्याचा आहे. दाबमापक जोडल्याखेरीज या स्क्रूला पाना लावू देऊ नये.

गळती शोधताना नळीवरून हात फिरविण्याची सवय त्याहून घातक आहे. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, आरंभी दुखतही नाही. तरी तीवर तातडीने शस्त्रक्रिया लागते आणि विलंब झाल्यास बोट वा हात गमवावा लागतो. गळती पुठ्ठा धरून पाहावी. उचललेल्या बाहूंखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कोणी शिरू नये. जोड सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर ठेवून, इंजिन बंद करून तरफा दोन्ही बाजूंना हलवाव्यात, म्हणजे नळ्यांतील दाब उतरतो.

कार्यशाळेत

इतके करूनही वेग न आल्यास पंप झिजला आहे काय हे प्रवाहमापक लावून ठरवावे. थंड आणि तापलेल्या अशा दोन्ही तेलांवर मिनिटाला किती लिटर मिळतात, हे आकडे लेखी मागावेत. ते मिळाल्याखेरीज पंप बदलण्यास मंजुरी देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. नवा पंप बसविताना जुने तेल व गाळणी तशीच ठेवली तर जुन्या पंपाचा किस नव्यात जातो.

ग्रामसेवकाने किंवा अभियंत्याने कामाच्या आदेशात ‘हायड्रॉलिक दुरुस्ती’ असे दोन शब्द लिहून भागवू नये. रिकामी व भरलेली बकेट वर जाण्यास लागलेले सेकंद, इंजिनाचे फेरे, तेल थंड की तापलेले, कोणती हालचाल मंद आणि शेवटचे तेल किती तासांपूर्वी बदलले एवढा मजकूर त्यात असावा. दुरुस्तीनंतर तेच सेकंद पुन्हा कार्यशाळेच्या अंगणातच मोजावेत, जुने सुटे भाग परत घ्यावेत आणि मगच देयकावर सही करावी.