कॉर्नफ्लेक्सच्या वाटीतले भांडण

सकाळची घाई. मुलांची बस दाराशी येणार, आपल्याला ऑफिस गाठायचे. पोहे-उपमा करायला सवड कुणाला? खोक्यातले कॉर्नफ्लेक्स, वर दूध, झाला नाश्ता! शिवाय ‘हेल्दी’ म्हणून आपण निर्धास्त. कॉर्नफ्लेक्सचा जन्म खरोखरच एका आरोग्यधामात झाला. पण पुढची हकिकत चमत्कारिक आहे, आणि आपल्या उपयोगाचीही.

मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक गावी अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनी १८६६ साली आरोग्यधाम काढले. १८७६ पासून डॉ. जॉन हार्वे केलॉग त्याचे प्रमुख होते. तेथे मांस, दारू, चहा-कॉफी वर्ज्य. साखरेचेही डॉक्टरांना वावडे. धाकटा भाऊ विल तेथील हिशेब आणि व्यवस्था पाही. १८९४ साली शिजवलेला गहू बराच वेळ तसाच राहून गेला. टाकायचा कशाला, म्हणून तो रुळांतून काढला, तर सलग पोळीऐवजी दाण्यादाण्याचा वेगळा पापुद्रा निघाला! भाजल्यावर तो रुग्णांना आवडला. पुढे गव्हाच्या जागी मका आला.

याच आरोग्यधामात १८९१ साली सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा रुग्ण उपचारांसाठी राहून गेला होता. त्याने १८९७ साली ‘ग्रेप-नट्स’ बाजारात आणले. त्यात ना द्राक्षे, ना सुकामेवा. होते गहू आणि बार्ली! पण मेंदूपासून अपेंडिक्सपर्यंत सर्वांना ते गुणकारी, अशा जाहिराती करून त्याने अमाप पैसा मिळवला.

विलला धंदा करायचा होता, डॉक्टरांना पथ्य सांभाळायचे होते. ठिणगी पडली ती साखरेवरून. विलने कॉर्नफ्लेक्समध्ये साखर घातली आणि १९०६ साली स्वतःची कंपनी काढली. केलॉग हे नाव कुणी वापरायचे यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. १९२० साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात विल जिंकला. नाव जिंकले, पण भाऊ कायमचे दुरावले.

साखरही जिंकलीच. १९५२ साली त्याच कंपनीचे ‘शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स’ आले. पुढे नावातून ‘शुगर’ गळाले. वाटीतून मात्र नाही!

१९९४ साली ही कंपनी पनवेलजवळ तळोज्याला कारखाना काढून आपल्याकडेही आली. पण सकाळी गरम दूध घेणारी आपली मंडळी! गरम दुधात कॉर्नफ्लेक्सचा लगदा झाला, आणि सुरुवातीला धंदा काही जमेना.

आता मुद्द्याचे. आपल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण जास्त, तेव्हा खोक्याच्या पुढच्या चित्रावर न जाता ते उलटून वाचावे.

१. ‘अ‍ॅडेड शुगर्स’ची ओळ पाहा. ४ ग्रॅम म्हणजे एक चमचा साखर. १२ ग्रॅम लिहिले असेल तर आपण मुलाला तीन चमचे साखर देत आहोत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते दोन वर्षांवरील मुलांना अशी साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आतच असावी.

२. हे आकडे एका ‘सर्व्हिंग’चे असतात. एकदा कपाने मोजून पाहा. आपली वाटी बहुधा दीड-दोन सर्व्हिंगची निघते!

३. फायबर पाहा. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये साखर कमी असली तरी चोथाही कमीच, त्यामुळे रक्तातील साखर झपाट्याने वाढते. ओट्स किंवा अख्ख्या गव्हाचे सीरियल बरे. वर बदाम-अक्रोड घालावेत. मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

४. खोक्याच्या आकारावर जाऊ नका. शेल्फवरच्या चिठ्ठीवर दर औंसाचा भाव असतो, तो ताडून पाहा. साधे ओट्स पुष्कळदा स्वस्त पडतात.

डॉक्टर आणि विल, दोघेही भाऊ ९१ वर्षे जगले. त्यांचे भांडण मात्र रोज सकाळी आपल्या वाटीत चालूच आहे. निकाल आपण द्यायचा, आणि तोही दुकानातच, खोका गाडीत टाकण्यापूर्वी.